पुरावा कोणत्या पायरीवर मागायचा? अंतुले ते कलम १७-अ

एखाद्या मंत्र्यावर आरोप झाला की त्याच्या बाजूने येणारं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "कोर्टात सिद्ध झालंय का?" ऐकायला ते संविधानाला धरून वाटतं. दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हे तत्त्व आपणही मानतो. आपल्या वस्तीतल्या पोरांना पोलीस रात्री उचलून नेतात तेव्हा ते आपणच ओरडून सांगत असतो. मग या वाक्यात खोट कुठे आहे? खोट वेळेत आहे. प्रवक्ता हे वाक्य गुन्हा दाखल होण्याच्याही आधी उच्चारतो. खटल्याच्या शेवटी जो पुरावा लागतो तो तपासाच्या आधी मागतो. तपासच होऊ दिला नाही तर पुरावा येणार कुठून?

कायद्यात पुराव्याची एकच पट्टी नाही, पायऱ्या आहेत. गुन्हा नोंदवायला तक्रारीतून दखलपात्र गुन्हा दिसला की पुरे. आरोप निश्चित करायला प्रथमदर्शनी सामग्री लागते. शिक्षा द्यायची तर वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावं लागतं. आणि या जिन्याच्या बाहेर आणखी एक पायरी आहे, पदाची. मंत्र्याने खुर्चीवर राहावं की नाही हे ठरवायला फौजदारी खटल्याची पट्टी लागत नाही. खुर्ची हा कुणाचा मूलभूत हक्क नाही. संविधानाने पदावर असेपर्यंत फौजदारी कारवाईपासून संरक्षण दिलं ते कलम ३६१ मध्ये, राष्ट्रपती आणि राज्यपालांना. पंतप्रधान, मुख्यमंत्री, मंत्री यांची नावं त्यात नाहीत, आणि ती चुकून राहिलेली नाहीत.

सगळी लबाडी चालते ती पायऱ्यांची अदलाबदल करून. सत्तेतल्या माणसासाठी शेवटची पायरी दारात आणून ठेवायची, आणि सत्तेबाहेरच्या माणसाला पहिल्याच पायरीवर शिक्षा भोगायला लावायची. मागच्या सत्तर वर्षांचा इतिहास या नजरेने वाचला तर बऱ्याच गोष्टी जागेवर बसतात.

सुरुवात वाईट नव्हती. १९५१ मध्ये हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुद्गल यांनी मुंबईच्या सराफा व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन सभागृहात त्यांची बाजू मांडल्याचं उघड झालं. संसदेने समिती नेमली, समितीने दोष दाखवला, हकालपट्टीच्या ठरावावर चर्चा चालू असताना मुद्गलांनी राजीनामा दिला. कोणी म्हटलं नाही की आधी कोर्टात जा. त्या समितीचे अध्यक्ष होते टी. टी. कृष्णम्माचारी. सात वर्षांनी तेच अर्थमंत्री असताना मुंदडा प्रकरण निघालं. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडाच्या डबघाईला आलेल्या कंपन्यांचे सव्वा कोटींच्या आसपासचे शेअर घेतले होते. चौकशीला बसले मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. सुनावणी उघड झाली आणि चौकशी काही आठवड्यांत आटोपली. छागलांनी सांगितलं की सचिवाने केलेल्या कृतीची संविधानिक जबाबदारी मंत्र्याची, 'मला माहीत नव्हतं' चालणार नाही. कृष्णम्माचारी फेब्रुवारी १९५८ मध्ये गेले. मंत्र्याने स्वतः पैसे खाल्ले हे सिद्ध करण्याची गरजच पडली नाही, कारण प्रश्न तुरुंगाचा नव्हता, खुर्चीचा होता.

आता आपल्या महाराष्ट्राचं अंतुले प्रकरण. ते नीट बघावं लागतं, कारण जिन्याची प्रत्येक पायरी त्यात आहे.

बॅ. अब्दुल रहमान अंतुले जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. रायगडच्या आंबेतचा माणूस, महाराष्ट्राचा आजवरचा एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. संजय गांधी निराधार अनुदान योजना त्यांच्याच काळात सुरू झाली. मी वस्तीत ज्या विधवा आणि परित्यक्ता बायांचे अर्ज भरते त्यांतल्या निम्म्या जणींना अंतुले हे नावही माहीत नाही, पण त्यांची चूल काही अंशी त्या योजनेवर पेटते. हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना मी कुणावर आकस धरून लिहिते असं वाटू नये. (त्याच योजनेत त्या बाईला उत्पन्नाचा दाखला, तलाठ्याचा दाखला आणि दरवर्षी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. पुराव्याची पट्टी कुणासाठी किती कडक, याचा विचार मला बऱ्याचदा त्या रांगेत उभं राहून सुचतो.)

त्या काळी सिमेंट नियंत्रित होतं, सरकारी वाटपाशिवाय मिळायचं नाही. बिल्डरांना सिमेंटचा कोटा मिळतो आणि त्याच सुमाराला अंतुल्यांनी काढलेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानासारख्या न्यासांना देणग्या जातात, असं ऑगस्ट १९८१ च्या अखेरीस 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरींनी छापलं. हो, तेच शौरी, ज्यांनी १९९७ मध्ये 'वर्शिपिंग फॉल्स गॉड्स' लिहून बाबासाहेबांना इंग्रजांचा हस्तक ठरवायचा उद्योग केला. आपल्यातले काही मित्र एवढ्यावरूनच अंतुले प्रकरणाला मनुवादी कारस्थान म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. सिमेंटच्या वाटपाचे कागद आणि देणग्यांच्या नोंदी शौरींच्या जातीवर किंवा हेतूवर अवलंबून नव्हत्या. बाबासाहेबांवरच्या पुस्तकात त्यांनी कागद सोयीने निवडले, म्हणून ते पुस्तक पुराव्याच्या कसोटीवर पडतं. लेखक कोण यावरून नाही. कागद आणणाऱ्याचं तोंड पाहून कागद खरा-खोटा ठरवायला लागलो तर आपल्या बाजूचे कागदही उद्या तसेच फेकले जातील.

१२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी रिट याचिकेवर निकाल दिला की सिमेंटचं वाटप आणि देणग्या यांचा संबंध आहे. हा फौजदारी निकाल नव्हता. साक्षीदारांची उलटतपासणी नाही, आरोपी नाही, शिक्षा नाही. प्रतिज्ञापत्रं आणि कागदपत्रं पाहून, शक्यतेचं पारडं कुठे झुकतं ते सांगितलेलं. आणि अंतुल्यांनी राजीनामा दिला. पद जाण्यासाठी एवढी पायरी पुरेशी मानली गेली.

पुढे फौजदारी खटला, आणि तिथून गुंता. भाजपचे रामदास नायक तक्रारदार. जुलै १९८३ मध्ये विशेष न्यायाधीशांनी अंतुल्यांना मुक्त केलं. कारण? आमदार हा लोकसेवक आहे, आणि त्याच्यावर खटला भरण्यासाठी योग्य अधिकाऱ्याची मंजुरी नाही. सिमेंटबद्दल एक शब्द नाही. १६ फेब्रुवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ते उलटवलं. भारतीय दंड संहितेच्या व्याख्येत आमदार लोकसेवक बसतच नाही, आणि न्यायालय दखल घेतं त्या दिवशी मुख्यमंत्रिपद उरलेलं नाही, म्हणून मंजुरी नको. सोबत खटला मुंबई उच्च न्यायालयाकडे वर्ग केला, लवकर निकाल लागावा म्हणून. उच्च न्यायालयाने २१ मुद्द्यांवर आरोप निश्चित केले, २२ मुद्द्यांवर नाकारले. नायक परत दिल्लीला. एप्रिल १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरोप निश्चित करताना दोष सिद्ध झाला का हे पाहायचं नसतं, प्रथमदर्शनी प्रकरण आहे का एवढंच पाहायचं. पुढच्या न्यायाधीशांनी ७९ आरोप ठेवले.

आणि मग २९ एप्रिल १९८८. सात न्यायाधीशांच्या पीठाने ५ विरुद्ध २ मतांनी ठरवलं की १९८४ मध्ये आपणच खटला उच्च न्यायालयाकडे पाठवला ते चुकलं. १९५२ च्या कायद्याने असे खटले विशेष न्यायाधीशानेच चालवायचे. एका माणसासाठी वेगळी वाट काढली, त्याचा अपिलाचा एक टप्पा गेला, कलम १४ आणि २१ चा भंग झाला. सहा वर्षांची सगळी मेहनत परत पहिल्या घरात.

या निकालावर त्या वेळी पुष्कळ टीका झाली. मला मात्र त्याचं तत्त्व बरोबर वाटतं. आरोपी ताकदवान आहे म्हणून त्याच्यासाठी खास प्रक्रिया तयार करायची, हे आज टाळ्या घेतं. उद्या तीच खास प्रक्रिया कुणावर वापरली जाईल हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. माझी तक्रार दुसरी आहे. मंजुरी कोणाची, न्यायाधीश कोण, लोकसेवक कोणाला म्हणायचं, या दारातल्या प्रश्नांवर एका माणसाला जेवढे घटनापीठांचे तास मिळाले, तेवढे कच्च्या कैद्यांच्या किती प्रश्नांना मिळाले? १९९१ च्या डिसेंबरमध्ये जलद खटल्याच्या हक्कावरचा मोठा निकाल आला तोही अंतुल्यांच्याच नावाने. वर्षानुवर्षं कच्च्या कैदेत सडणाऱ्यांचे वकील आज तोच निकाल उद्धृत करतात. अंतुल्यांना शेवटी शिक्षा झाली नाही. १९९५ मध्ये ते केंद्रात आरोग्यमंत्री झाले, २००६ मध्ये अल्पसंख्याक कामकाज मंत्री.

आता हवाला. काश्मीरमधल्या अतिरेक्यांना जाणाऱ्या पैशाचा माग काढताना मे १९९१ मध्ये जैन बंधूंकडे डायऱ्या सापडल्या. त्यांत नावांची आद्याक्षरं आणि रकमा. सीबीआय त्यावर जवळजवळ बसून राहिली. पत्रकार विनीत नारायण यांच्या याचिकेमुळे सर्वोच्च न्यायालयाने तपास ढकलला, तेव्हा कुठे १९९६ मध्ये आरोपपत्रं आली. अडवाणींनी खासदारकी सोडली आणि त्या वर्षीची निवडणूक लढवली नाही. हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं, कारण पदाची पायरी त्यांनी पाळली. मार्च १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपमुक्ती कायम केली. तेव्हाच्या पुरावा कायद्याचं कलम ३४ सांगायचं की हिशेबवहीतली नोंद संबद्ध असते, पण केवळ तिच्यावरून दुसऱ्यावर जबाबदारी टाकता येत नाही. सुटे कागद तर हिशेबवहीच नव्हेत. स्वतंत्र पुरावा हवा, तो नव्हता. का नव्हता? पहिली दोन-तीन वर्षं, माग ताजा असताना, तो कुणी शोधला नाही म्हणून. तरीही निकाल कायद्याला धरून आहे. माझ्या वहीत मी कुणाचंही नाव लिहून पुढे पाच लाख लिहीन. तेवढ्यावर तो माणूस आरोपी होऊ नये.

पण जानेवारी २०१७ मध्ये हाच निकाल वेगळ्याच कामाला लावला गेला. बिर्ला आणि सहारा यांच्याकडच्या छाप्यांत सापडलेल्या कागदांवरून चौकशी व्हावी, अशी 'कॉमन कॉज'ची मागणी होती. न्यायालयाने ती फेटाळली, कारण सुट्या कागदांवरून संविधानिक पदांवरच्या व्यक्तींची चौकशी लावता येणार नाही. नीट पाहा. १९९८ मध्ये प्रश्न होता आरोप ठेवण्याचा, २०१७ मध्ये होता नुसता तपास करण्याचा. वरच्या पायरीची पट्टी खालच्या पायरीला लावली. कागद खोटे असतील, असूही शकतात. पण ते तपासाने ठरायचं होतं.

याच्या शेजारी ठेवा एल्गार परिषद प्रकरण. दुसऱ्यांच्या संगणकात सापडली म्हणून सांगितलेली पत्रं, कुणाची सही नाही, त्यांत आद्याक्षरं किंवा अर्धवट नावं. आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० ला शरण गेले. तारीख सांगायला नको. सुटले २६ नोव्हेंबर २०२२ ला, संविधान दिनी. उच्च न्यायालयाने जामीन देताना म्हटलं की दहशतवादी कृत्याचा प्रथमदर्शनी पुरावा दिसत नाही. मधली अडीच वर्षं? फादर स्टॅन स्वामी तर जामिनाची वाट पाहत ५ जुलै २०२१ ला गेले. सुटे कागद एका बाजूला चौकशीलाही पुरत नाहीत, दुसऱ्या बाजूला तुरुंगाला पुरतात. यूएपीएचं कलम वेगळं आहे, असं वकील मित्र लगेच सांगतील. मान्य. ते कलम वेगळं का केलं आणि कुणासाठी केलं, हाच समाजशास्त्राचा प्रश्न आहे.

आणि आपला माणूस अडकतो तेव्हा? यावर आपल्या बैठकांत फारसं मोकळं बोललं जात नाही. बंगारू लक्ष्मण, भाजपचे दलित अध्यक्ष, २००१ मध्ये छुप्या कॅमेऱ्यापुढे एक लाख रुपये घेताना दिसले. २०१२ मध्ये त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. पक्षाने त्यांना किती लवकर वाऱ्यावर सोडलं, आणि डायरीत नावं आलेल्या सवर्ण नेत्यांभोवती तोच पक्ष कसा उभा राहिला, ही तुलना जातीचीच आहे असं मी म्हणेन. पण त्यावरून शिक्षा चुकीची ठरत नाही. डायरी आणि चित्रफीत यांत पुराव्याचा फरक आहे. ए. राजांचं उलट. कॅगने अंदाजाने काढलेला १ लाख ७६ हजार कोटींचा आकडा हाच पुरावा मानून देशाने त्यांना चोर ठरवलं. पंधरा महिने तुरुंग. डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायाधीशांनी सांगितलं की सात वर्षं कायद्यात बसेल असा पुरावा घेऊन कुणीतरी येईल म्हणून वाट पाहिली, कोणी आलं नाही. त्यावरचं सीबीआयचं अपील २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ऐकायला घेतलं आहे. दोघेही दलित, पण पुरावा एकसारखा नाही, म्हणून आपलं मतही एकसारखं असता कामा नये.

निर्दोष सुटण्याचा अर्थसुद्धा माणसागणिक बदलतो. मंत्री सुटला की तो धुतल्या तांदळासारखा. ॲट्रॉसिटीच्या खटल्यात आरोपी सुटला की मात्र तक्रारदार खोटा. खर्ड्याच्या प्रकरणात २०१७ मध्ये साक्षीदार फितूर झाले आणि सगळे सुटले. म्हणून तो पोरगा मेलाच नव्हता काय? सुटण्याचा अर्थ दोन्हीकडे एकच आहे, वाजवी संशयापलीकडे सिद्ध झालं नाही. हे आपल्याला बाबासाहेबांच्या महाड खटल्यापासून माहीत असायला हवं. सत्याग्रहाच्या तोंडावर १४ डिसेंबर १९२७ ला महाडच्या कोर्टाने चवदार तळ्यावर जायला तात्पुरती मनाई केली, वाद्यांच्या नुसत्या म्हणण्यावर. अनादी काळापासूनची रूढी असल्याचं त्यांना सिद्ध करता आलं नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं १७ मार्च १९३७ ला. खालच्या पायरीवर त्यांना काही दिवसांत जे मिळालं, ते खोडायला वरच्या पायरीपर्यंत नऊ वर्षं चढावं लागलं.

हे सगळं एकत्र येतं ते २०१८ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात. थोडं मागून सांगते. सहसचिव आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांची चौकशी करायची तर सीबीआयला आधी सरकारची परवानगी लागे. विनीत नारायण निकालाने १९९७ मध्ये ते रद्द केलं. २००३ मध्ये तेच कलम ६-अ म्हणून कायद्यात परत आलं. मे २०१४ मध्ये घटनापीठाने ते समतेच्या तत्त्वाविरुद्ध म्हणून रद्द केलं. २६ जुलै २०१८ पासून भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम १७-अ आलं. आता दर्जाची अट काढली, सगळ्याच लोकसेवकांना लागू केलं, म्हणजे भेदभावाचा मुद्दा उरू नये. अधिकारपदावरून घेतलेल्या निर्णयाची किंवा शिफारशीची चौकशी करायची तर आधी मंजुरी, आणि ती बहुतेक वेळा त्याच सरकारची ज्यात तो बसलेला आहे. कारण सांगितलं की खोट्या तक्रारींच्या भीतीने प्रामाणिक अधिकारी निर्णय घेत नाहीत.

त्याच वर्षी २० मार्चला, आपल्या कराडच्या औषधनिर्माण महाविद्यालयातून सुरू झालेल्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने हेच 'खोट्या तक्रारी'चं कारण देऊन ॲट्रॉसिटी कायद्याला कुलूप लावलं होतं. गुन्ह्याआधी प्राथमिक चौकशी करता येईल, आणि लोकसेवकाला अटक करायची तर नेमणूक करणाऱ्याची परवानगी लागेल. २ एप्रिलचा भारत बंद आठवतो ना? माणसं मेली त्यात. ऑगस्टमध्ये संसदेला कलम १८-अ आणावं लागलं, प्राथमिक चौकशी नको, अटकेला मंजुरी नको. एका महिन्याच्या आत त्याच संसदेने एका कायद्यात परवानगीची भिंत बांधली आणि दुसऱ्यात पाडली. पाडली ती रस्त्यावर उतरलेल्या लोकांमुळे. बांधली तेव्हा रस्त्यावर कोणी नव्हतं.

कलम १७-अ ला एक अपवाद आहे. लाच घेताना जागच्या जागी पकडलं तर मंजुरी लागत नाही. म्हणजे निराधार बाईच्या दाखल्यासाठी पाचशे रुपये घेणारा तलाठी पावडर लावलेल्या नोटांसह सापळ्यात सापडला की त्याच संध्याकाळी कोठडीत. त्याच्यावरच्या मजल्यावर बसून फाईलवर सही करणारा मात्र आधी मंजुरी येते का ते बघत बसतो. ती द्यायला कलमात तीन महिन्यांची मुदत आहे, वर आणखी एक महिना वाढवून मिळतो.